दादूसच्या गाडीतलं पाणी

दादूसला काहीही सांगा, तो आधी 'व्हय' म्हणायचा आणि लगेच 'पन' म्हणायचा. या दोन शब्दांच्या मधल्या फटीत माझं सगळं ज्ञान, अनुभव आणि सकाळचा वेळ पडून जायचा. "दादूस, टायर गुळगुळीत झालेत, बदलायला हवेत." "व्हय, पन फिरतान ना अजून?" "दादूस, ब्रेकचे लायनर संपलेत." "व्हय, पन मी गारी पलवतच नाय." पेणमध्ये गॅरेज टाकल्यापासून मी भांडणारी गिऱ्हाइकं पाहिली, रुसणारी पाहिली, माझ्या डोक्यावर उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ बघणारीही पाहिली. पण माझं सगळं पटवून घेऊन त्यातलं काहीही न करणारा माणूस हा एवढाच.

दादूस म्हणजे थोरला भाऊ. खारेपाटातली सगळी माणसं त्याला दादूसच म्हणायची, त्यामुळे मीही म्हणू लागलो. सुरुवातीला मी त्याला अहो-जाहो करायचो, तर तो मागे वळून बघायचा, आणखी कोण आलंय म्हणून. उमेदीची सगळी वर्षं तो मिठागरात राबला होता. टाचा अशा चिरलेल्या की चप्पल घातली काय, न घातली काय, सारखंच. मिठागरं बंद पडत गेली तेव्हा त्याने कुणाकडून तरी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली आणि पाड्यावरची माणसं पेणच्या बाजाराला आणायची-न्यायची सुरू केली. त्यांच्या बोलीत 'ळ'चा 'ल' आणि 'ड'चा 'र' होतो, म्हणून गाडीची झाली गारी आणि गोड्या पाण्याचं गोरा पानी. महिन्याभरात गॅरेजमध्ये मीही गारी म्हणायला लागलो, याचाही मला राग यायचा.

त्याचा पाडा खाडीच्या बांधाच्या पार टोकाला. रिक्षा अलीकडच्या थांब्यावरून परत फिरतात, पुढे बांधावरचा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना खारं पाणी आणि चिखल. तिकडे मोटरसायकली आहेत, पण आजारी माणसाला आडवं घालून न्यायचं तर दादूसची व्हॅन ही एकच गाडी. बाळंतीण असो, साप चावलेला असो, म्हातारी पडलेली असो, हाक दादूसलाच. आणि त्याने कुणालाही कधी नाही म्हटलं नाही. म्हणूनच ती गाडी माझ्या डोक्यात बसली होती. दुसऱ्या कुणाची गाडी बंद पडली तर त्याचा दिवस बुडतो. ही गाडी भलत्या वेळी बांधाच्या मध्यावर बंद पडली तर आत असलेल्या माणसाचं काय, हा विचार मला जेवताना यायचा आणि मग माझं जेवणही बिघडायचं.

प्रश्न विचारण्यात मात्र दादूसचा हात कुणी धरला नसता. गाडी चालवणाऱ्या माणसांचे प्रश्न ठरलेले असतात. एसी लावला की ॲव्हरेज पडतं का, उतारावर न्यूट्रल केली तर पेट्रोल वाचतं का, ऑइल काळं दिसलं म्हणजे लगेच बदलायचं का, कोलाडपर्यंत जाऊन आलो तर नवे बूश खडखडायला कसे लागले. दादूसला हे सगळे पडायचे आणि तेच ते पुन्हा पडायचे. शिवाय तो फोनवरून आवाज ऐकवायचा. माझे दोन्ही हात ग्रीसमध्ये, फोन खांद्याला दाबलेला, आणि पलीकडे दादूस फोन इंजिनाला लावून उभा. मला ऐकू यायच्या कोंबड्या, वारा आणि वहिनींचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, बोलणं. "आयकला?" तो विचारायचा. मी म्हणायचो, "कोंबडी ऐकली." मग तो स्वतः तोंडाने आवाज काढून दाखवायचा. खरं सांगायचं तर त्या आवाजावरून मी एकदा फॅन बेल्ट ओळखलासुद्धा. ते मी त्याला सांगायला नको होतं, कारण त्यानंतर गाडी घेऊन येणं त्याने जवळजवळ सोडलंच.

एकदा तो खुशीत आला. "मिस्त्री, त्यो लाल लाइट पेटायचा ना, त्यो बंद केला." मला बरं वाटलं. कुणाकडून तरी दुरुस्ती करून घेतली असेल म्हणून मी आत डोकावलो, तर डॅशबोर्डावर त्या दिव्याच्या बरोबर वर गणपतीचं स्टिकर. पेणच्या माणसाला गणपतीची काय कमी. मी म्हटलं, "दादूस, दिवा आतमध्ये पेटलेलाच आहे." "व्हय, पन आता देव बगून घेल ना." ते स्टिकर उपटायला माझा हात धजेना, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याहून वाईट म्हणजे माझ्या गॅरेजमध्ये बसून तो दुसऱ्यांना सल्ले द्यायचा. त्याची बसायची जागा म्हणजे दाराशी ठेवलेला जुना टायर. मी गाडीखाली आडवा असताना एक शाळेतल्या बाई विचारत होत्या की थर्मोस्टॅट म्हणजे काय आणि तो बदलायचा कशाला. मी तोंड बाहेर काढेपर्यंत दादूसने उत्तर देऊन टाकलं, "बाई, ता काहरून टाकायचा. मी काहरलाय. कायपन व्हत नाय." त्या बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी गरज नसलेली वस्तू त्यांच्या गळ्यात मारतोय. त्यांना समजावण्यात माझी दुपार गेली. दादूस टायरवर बसून मान हलवत होता, जणू माझं म्हणणं त्यालाही थोडंफार पटतंय.

पण आमचं खरं वैर पाण्यावरून. व्हॅन सारखी गरम व्हायची. रेडिएटर उघडला की आतून गंजकं, विटकरी पाणी आणि नळ्यांच्या तोंडाशी पांढरी खपली. खारं पाणी घातल्याशिवाय असं होत नाही. मी विचारलं की तो गळ्याला हात लावायचा. "गोराच पानी टाकलाय, तुजी शप्पत." माझी शपथ घ्यायला त्याचं काही जात नव्हतं. एकदा मी त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकलो. "दादूस, हे खारट आहे." त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "माजा घाम परला असल." मी हातातला पाना खाली ठेवला आणि चहा प्यायला निघून गेलो, कारण तिथे थांबलो असतो तर काहीतरी बोलून बसलो असतो.

इंजिन गार ठेवणारं कूलंट त्याला पटायचं नाही. हिरवं पाणी गाडीच्या पोटात कशाला घालायचं, तो नुसता रंग आहे, असं त्याचं मत. शेवटी मी तोडगा काढला. माझ्या गॅरेजला गोड्या पाण्याचा नळ आहे. एक निळा कॅन घासून स्वच्छ केला, त्यावर रंगाने मोठ्या अक्षरांत 'फक्त रेडिएटर' असं लिहिलं आणि तो भरून त्याच्या व्हॅनमध्ये ठेवला. तो आला की कॅन भरून द्यायचा, असा नेमच केला. दादूसने इतक्या आनंदाने तो नेला की मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी हा माणूस एकदा तरी सुधारला. पुढच्या वेळी रेडिएटर उघडला, तर पाणी विटकरी. कॅन मात्र रिकामा.

त्या उन्हाळ्यात एकदा व्हॅन पाड्यावरच बसली आणि त्याच्या तोंडच्या आवाजावरून मला काहीच उमगेना, म्हणून मी स्वतः गेलो. मी मूळचा रोह्याचा. कुंडलिकेच्या काठी वाढलेल्या माणसाला पाणी हा विषयच नसतो. नदी बारा महिने वाहते, पोरं दुपारभर डुंबतात, विहिरीत बादली टाकली की भरून येते. पाड्यावर शिरलो तर घराघरापुढे ड्रम आणि ड्रमांच्या झाकणांना कुलपं. पाण्याला कुलूप लावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दादूसच्या अंगणात विहीर होती आणि ती भरलेलीही होती, पण ते पाणी तोंडात धरवत नव्हतं. नळाला पाणी कधी येईल याचा कुणालाच भरवसा नव्हता.

वहिनींनी मला घरात बसवलं. बाहेरच्या उन्हातून आलेला, म्हणून तांब्याभर पाणी दिलं. मी घटाघटा प्यायलो. पाणी चांगलं होतं, माझ्या ओळखीचं होतं. मान वळवून बघितलं तर पाण्याच्या फळीवर, घासलेल्या हंड्यांच्या शेजारी माझा निळा कॅन. वर धुतलेल्या फडक्याचं झाकण आणि त्याखाली माझ्याच हातची अक्षरं, 'फक्त रेडिएटर'.

मी दादूसकडे बघितलं. तो दारातून बाहेर बघायला लागला.

"दादूस, ते गाडीचं पाणी आहे."

"व्हय, पन गारीला काय कलतां, गोरा का खारा?"

"गाडीलाच कळतं! तुझी गाडी त्यानेच मरतेय."

"मानसांलापन कलतां, मिस्त्री," तो शांतपणे म्हणाला. "गारीला खारा चालल का, इचार तुज्या गारीच्या पुस्तकाला. मना घरान नाय चालत."

वहिनी मध्ये पडल्या. "भाऊ, मीच उतरवून घेते गारीतून. त्यांना काय बोलू नका. इतका गोरा पानी त्या लोखंडान वतायचा म्हंजे हात नाय वलत आमचा." त्यांनी हे लाजत वगैरे सांगितलं नाही. जेवण उकिरड्यावर टाकवत नाही, अशा साध्या सुरात सांगितलं. चिडलो तर होतोच, पण ते पाणी पिऊन बसलेला माणूस चिडणार तरी कुणावर.

त्यानंतर मी आणखी एक उपाय केला. व्हॅन गॅरेजमध्ये आणली, रेडिएटर धुऊन घेतला, स्वतः कूलंट भरलं आणि टोपण तारेने बांधून टाकलं. दादूसला सांगितलं, ही तार मी सोडून कुणी तोडायची नाही. वर घरासाठी म्हणून आणखी दोन कॅन दिले, त्यांवर काहीही लिहिलं नाही. तो 'व्हय' म्हणाला. पुढचं मी ऐकून घेतलं नाही, सरळ आत गेलो.

काही महिने बरे गेले. मग एका दुपारी एक ट्रॅक्टर व्हॅनला ओढत माझ्या दारात घेऊन आला आणि मागोमाग दादूस उतरला. तार तुटलेली होती. इंजिन जाम झालं होतं, पान्याने फिरवूनही फिरेना. काय झालं ते मी त्याच्याकडून ओढून ओढून काढलं. पाड्यावर नळ आला नव्हता, म्हणून बायकांना घेऊन तो पेणला आला होता. इथून हंडे, कळश्या, कॅन, जे मिळेल ते गोड्या पाण्याने भरून ते परत निघाले होते. खपलीने कुरतडलेला रेडिएटर बांधाच्या मध्यावर फुटला, कूलंट रस्त्यावर सांडलं आणि गाडीने वाफ टाकली. दादूसने निवायची वाट बघितली, तार तोडली, उतरून खाडीत गेला आणि डबा भरभरून खारं पाणी आत ओतत पाड्यापर्यंत आला.

"दादूस," मी म्हटलं, "गाडी पाण्याने भरलेली होती."

"व्हय, पन ता पियाचा पानी व्हता."

"त्यातली एक कळशी. एक."

"कुनाची घेऊ?" त्याने विचारलं.

मागाहून मला कळलं की गाडीतल्या एकाही बाईला त्यात काही चुकलं असं वाटलं नव्हतं. उलट एकीने खाडीतून डबे भरायला त्याला हात लावला होता. मी मात्र त्या दिवशी त्याच्यावर मनसोक्त ओरडलो. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. तो टायरवर बसून ऐकत राहिला आणि माझं झाल्यावर म्हणाला, "च्या सांग."

ते इंजिन पुन्हा उभं राहण्यासारखं नव्हतं. मी ते स्पष्ट सांगितलं. भंगारात दे म्हटलं, तर तो गाडी ओढत परत पाड्यावर घेऊन गेला आणि अंगणात उभी केली. दुसरं इंजिन मिळतंय का ते मी बघत होतो. रोह्याला एका ओळखीच्याकडे एक पडलं होतं, तो आज देतो, उद्या देतो करत होता. दादूस आता एसटीने यायचा, टायरवर बसायचा आणि माझ्या गिऱ्हाइकांना सल्ले द्यायचा. स्वतःची गाडी नसलेला माणूस सगळ्या पेणला गाडी कशी सांभाळावी ते सांगत होता, आणि लोक ऐकतही होते. मी चरफडायचो. तो आला नाही की चहाच्या वेळी दाराकडे बघायचो आणि त्यानेही चरफडायचो.

वहिनींचा फोन आला तो भर दुपारी. दादूसच्या छातीत दुखत होतं, घामाने अंगरखा भिजला होता. ॲम्ब्युलन्स धरमतरकडे एका रुग्णाला आणायला गेलेली, तिला यायला वेळ लागणार होता. मी हातातलं काम तसंच टाकलं आणि माझी गाडी काढली.

माझी गाडी म्हणजे माझी गाडी आहे. टायरमध्ये हवा बरोबर, ऑइल ताजं, कूलंट काठोकाठ. बांधावरून मी ती ज्या वेगाने नेली त्या वेगाने तिथे कुणी जात नाही. दादूसला पुढची सीट मागे पाडून बसवला, वहिनी मागून त्याचे खांदे धरून बसल्या. परतताना तो सगळा वेळ डॅशबोर्डावरच्या तापमानाच्या काट्याकडे बघत होता. "काटा मदीच हाय," तो हळू म्हणाला. मी म्हटलं, "तो तिथेच राहणार. तू बोलू नको." थोड्या वेळाने म्हणाला, "दुसऱ्यावर टाक. गारी वरारते." इंजिन ओरडतच होतं, मी निमूटपणे गिअर उतरवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं ऐकलं, आणि त्याचं बरोबर होतं. गाडी कुठेही अडकली नाही, कुठेही गरम झाली नाही. माझ्या धंद्यात जे जे नीट व्हायला हवं, ते सगळं त्या दिवशी नीट झालं.

पेणच्या दवाखान्यात त्याला आत नेल्यावर आम्हाला फार वेळ थांबावं लागलं नाही. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. बाहेर येऊन म्हणाले, "उशीर झाला. थोडं आधी आणायला हवं होतं."

मी हिशेब केला. मी पेणहून पाड्यावर गेलो, आणि मग तिथून त्याला घेऊन पेणला आलो. रस्ता दुप्पट. त्याची अंगणातली व्हॅन चालत असती तर निम्म्या वेळात कुणीतरी त्याला आणला असता. व्हॅन बंद होती ती खाऱ्या पाण्याने, आणि खारं पाणी तिच्या पोटात गेलं ते गोडं पाणी बायकांच्या कळश्यांत होतं म्हणून. आयुष्यभर मी गाड्यांमधला दोष शोधत आलोय. कुठून सुरू झालं, कुठला भाग आधी गेला, ते मला बरोबर सापडतं. इथे मी मागे मागे जात राहिलो आणि ज्याची कॉलर धरावी असा कुणी मिळेना. मला रडू यायला हवं होतं. मला नुसता संताप आला होता, दादूसवर सगळ्यात जास्त, आणि तो अजूनही पुरता उतरलेला नाही.

वहिनी बाकावर बसल्या होत्या. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी ऐकलं होतं. समोर भिंतीपाशी पिण्याच्या पाण्याचा नळ होता. पाणी पिऊन गेलेल्या कुणीतरी तो अर्धवट सोडला होता आणि त्यातून बारीक धार लागली होती. येणारे-जाणारे तिच्यावरून पाय टाकून जात होते. वहिनींनी पदराने तोंड पुसलं, उठल्या, नळ घट्ट बंद केला, गळत नाही ना ते खाली हात धरून बघितलं आणि परत येऊन बसल्या. मग त्यांनी रडायला सुरुवात केली.